सात इंची, नोंद नववी : बेतूलच्या वाऱ्याने कॅमेरा उखडला

माझ्या सात इंची पंख्यांच्या ड्रोनच्या चित्रीकरणातला जेलो, म्हणजे कंपामुळे चित्रात उमटणाऱ्या जेलीसारख्या लाटा, गेला असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते, ते विधान मागे घेतो. फोंड्यात सकाळी सात वाजता, माडाची झावळीही हलत नसताना केलेल्या चित्रीकरणावर विसंबून मी ते केले होते. गेल्या रविवारी दुपारी तीन वाजता, खारे वारे भरात असताना, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-उड्डाणाचा नकाशा तपासून तोच ड्रोन बेतूलच्या सड्यावरून उडवला आणि साळ नदीच्या मुखाकडे नेला. चित्रात जेलो नव्हता, हे खरे. परंतु क्षितिज होडीच्या डोलकाठीसारखे झुलत होते आणि चौथ्या मिनिटाला ते एकाएकी तिरके झाले. ड्रोन उतरवून पाहतो तो कॅमेऱ्याची पाटी ज्या चार रबरी गोळ्यांवर तरंगते त्यांपैकी पुढच्या दोन पाटीच्या भोकांतून निसटलेल्या आणि कॅमेरा तंगुसाच्या (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या) फासावर लोंबकळत असलेला.

तो तंगूस कुटबणच्या जेटीजवळच्या दुकानातून आणलेला आहे. फास एवढा आखूड ठेवला होता की सुटलेला कॅमेरा पंख्यापर्यंत पोहोचू नये. या साऱ्या खटाटोपात पहिल्याच प्रयत्नात जमलेली तेवढी एकच गोष्ट, त्यामुळे तिचे कौतुक करून घेतो.

आता मूळ दुखणे. हा ड्रोन तरंगताना मोटारी मिनिटाला सुमारे नऊ हजार फेरे घेतात, म्हणजे मुख्य कंप 150 हर्ट्झच्या आसपास असतो आणि ब्लॅकबॉक्सच्या, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेल्या उड्डाण-नोंदीच्या, आलेखातही तो तिथेच दिसतो. तो अडवायचा तर कॅमेऱ्याची बैठक मऊ हवी, कारण बैठकीच्या स्वतःच्या वारंवारितेच्या सुमारे 1.4 पटीच्या वरचेच कंप ती अडवू लागते. म्हणून मी गोळ्या मऊ करत गेलो आणि वाऱ्याचा हिशेब करायचे राहून गेले. कॅमेऱ्याचा दर्शनी भाग साधारण 7 गुणिले 5 सेंटिमीटर आहे. सेकंदाला 10 मीटर वाऱ्यात त्यावर वीस-पंचवीस ग्रॅमचा रेटा येतो. त्याच वाऱ्याविरुद्ध त्याच वेगाने पुढे गेलो की हवेचा सापेक्ष वेग दुप्पट आणि रेटा चौपट, म्हणजे नव्वद ग्रॅमच्या घरात जातो. कॅमेऱ्याचे वजनच दीडशे ग्रॅम असताना हा रेटा किरकोळ म्हणता येत नाही.

तरीही गोळ्या कडक करणे हे उत्तर नव्हते. करून पाहिले, जेलो मुकाट्याने परत आला. दोन संध्याकाळी कॅमेऱ्याला बोटाने टिचक्या मारून त्याच्याच जायरोच्या (फिरणे मोजणाऱ्या संवेदकाच्या) नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की बैठक वर-खाली 22 हर्ट्झने हलते, पण पुढे-मागे डुलताना केवळ 11 हर्ट्झने. चारही गोळ्या 30 मिलिमीटरच्या चौकोनात दाटीने बसवलेल्या आणि कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य त्यांच्या तीन-साडेतीन सेंटिमीटर वर! अरुंद पाटावर उंच समई ठेवावी तशी ही रचना होती. दोष गोळ्यांच्या मऊपणात नव्हता, त्यांच्या जागेत होता.

नवी बैठक त्यानुसार केली. गोळ्या 70 मिलिमीटर अंतरावर नेल्या आणि पाटीला मधोमध खाच देऊन कॅमेरा इतका खाली उतरवला की त्याचा गुरुत्वमध्य जवळपास गोळ्यांच्याच पातळीत आला. डुलणे 11 वरून 20 हर्ट्झवर गेले, वर-खालीची मऊ चाल मात्र तशीच राहिली. बुधवारी पुन्हा बेतूल, तसाच वारा. क्षितिज स्थिर होते. उरलेला मंद झोल जायरोफ्लोने, म्हणजे जायरोच्या नोंदींवरून चित्र स्थिर करणाऱ्या सॉफ्टवेअरने, चित्राची थोडी कड कापून काढून टाकला. जायरो कॅमेऱ्यातच असल्यामुळे कॅमेऱ्याचे डुलणे त्याला कळते, ड्रोन सांभाळणाऱ्या फ्लाइट कंट्रोलरच्या नोंदीला ते कळले नसते.

गोळ्यांविषयी एक तक्रार. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून त्या मागवल्या, त्याच्या एकाच पुडीतल्या आठ गोळ्यांवर 100 ग्रॅमचे वजन ठेवून पाहिले, तर काही दुपटीने दबल्या. चार सारख्या निवडून घेतल्या. टीपीयू या लवचीक प्लास्टिकची थ्री-डी प्रिंटरवर छापलेली बैठक (कडकपणा शोर 95 ए) सुचवणाऱ्यांना सांगतो की ती अँटेना धरायला उत्तम, कंप अडवायला माझ्या मते फार ताठ. शिवाय इथल्या दमट हवेत रीळ वाळवल्याखेरीज छापले की नुसती जळमटे निघतात. कॅमेऱ्याची चौकट पॉलिकार्बोनेटची असल्याने तिथे निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावू नका, प्लास्टिकला तडे जातात; मी नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सैल न होणारे) वापरले आहेत. काळे स्क्रू समुद्राजवळच्या दोन फेऱ्यांतच तांबूस झाले, आता सगळे स्टेनलेस.

पुढचा बेत जायरोफ्लोसाठी एनडी फिल्टरची (भिंगावरच्या प्रकाश कमी करणाऱ्या काचेची) तडजोड शोधण्याचा होता, पण हे लिहितानाच दुसरे काही सुचले. तोच 22 हर्ट्झ राखून पाटीवरचे वजन वाढवले, तर गोळ्या तेवढ्याच पटीने कडक घेता येतील आणि वारा पाटीला तेवढाच कमी ढकलेल. वजन म्हणून शिसे कशाला वाहायचे? दोनशे ग्रॅमची बॅटरी आहेच. तिला कॅमेऱ्यासोबत त्याच तरंगत्या पाटीवर बसवायचे. वजन साडेतीनशे ग्रॅम, गोळ्या सुमारे सव्वादोन पट कडक. अडचण एकच दिसते : बॅटरीची जाड वायर ताठ असते आणि गोळ्यांना बगल देऊन कंप थेट पाटीवर पोहोचवील. वायरीला सैल वळसा द्यावा, की तेवढ्या तुकड्यापुरत्या दोन बारीक वायरी समांतर जोडाव्यात, हे शनिवारी दोन्ही करून पाहणार आहे. कोणी आधी केले असेल तर वळसा किती लांबीचा ठेवला ते कळवावे.