ओठांभोवतीचं बोटॉक्स आणि वाकडं हसू

बोटॉक्स म्हणजे स्नायू तात्पुरता ढिला करणारं इंजेक्शन; त्याच्या मात्रेचा कपाळाचा हिशोब ओठांना लावू नका. वरच्या ओठावरच्या रेघांसाठी एकूण 4 ते 6 युनिटं पुष्कळ झाली. जास्त गेलं की ओठ घट्ट मिटत नाहीत: शेवभाजीचा रस्सा भुरकताना कोपऱ्यातून गळतो, शिट्टी वाजत नाही, ‘प’, ‘ब’, ‘म’ धड उमटत नाहीत. तोंडाचे कोपरे उचलायला दिलेली सुई जरा मधे सरकली, तर खालचा ओठ ओढणारा स्नायू एका बाजूने ढिला पडतो आणि हसू वाकडं होतं. यावर उतारा नाही; फिलर (त्वचेखाली भरायचं जेल) विरघळवणारं इंजेक्शन इथे कुचकामी. पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो, त्याआधी ‘टचअप’ (वरून आणखी थोडी मात्रा) नकोच. (जळगावात लग्न आठवड्यावर आलं असेल तर अजिबात नको.) बोटॉक्सचा असर 3-4 महिन्यांत आपोआप उतरतो. गिळायला, श्वासाला त्रास झाला तर मात्र तडक दवाखाना गाठा.