लेकीची दाढ आणि वर केलेला डावा हात

पहिल्या दवाखान्यात लेकीनं डॉक्टरांचं बोट चावलं, तेव्हा मी तिलाच रागावले. आता ते आठवलं की पोटात कालवतं. 'काही दुखणार नाही, नुसतं बघणार आहेत,' असं सांगून मीच तिला नेलं होतं. तिथं मी हात धरले, मदतनीस बाईंनी पाय धरले, आणि तोंड उघडल्याबरोबर सुई आली. सहा वर्षांच्या पोरीनं भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

त्यात घरी आधीपासून 'जेवली नाहीस तर डॉक्टरकडं नेऊन सुई टोचायला लावीन' ही धमकी रोजची. भीती आम्हीच पेरली होती.

पुढं दीड महिना टाळाटाळ केली. दुधाची दाढ आहे, पडणारच की, असं गल्लीत सगळ्यांचं मत. मग एका रात्री तिला असा ठणका लागला, की गाल उशीत दाबून ती पहाटेपर्यंत बसून राहिली. सकाळीच राजारामपुरीतल्या एका बालदंततज्ज्ञ मॅडमकडं गेलो. त्यांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, ही मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत लागते. आधीच काढली तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही.

त्या दिवशी त्यांनी दुखण्यावर औषध लिहून दिलं, पण दाढेला हात लावला नाही. खुर्ची वर-खाली करायचं बटण लेकीलाच दाबू दिलं. आरशानं तिचे दात मोजले. पाण्याचा फवारा आधी तिच्या नखावर सोडला. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. १९५९ मध्ये अ‍ॅडेलस्टन यांनी मांडलेली ही पद्धत मुलांच्या दंतवैद्यकात आजही शिकवतात, असं त्या म्हणाल्या. मला बाजूला घेऊन एवढंच बजावलं, 'दुखणार नाही असं म्हणू नका. जरा जरी दुखलं, तरी तुम्ही खोट्या ठरता.'

मग लेकीशी त्यांनी करार केला. डावा हात वर केलास की मी थांबणार. तिनं लगेच परीक्षा घेतली, तीनदा हात वर केला. मॅडम तिन्ही वेळा थांबल्या! चौथ्यांदा हात मांडीवरच राहिला.

घरी आठवडाभर आमचा दवाखाना चालला. बाहुली पेशंट, चमचा आरसा, मोबाईलची बॅटरी दिवा. सासूबाईंनाही हात जोडून सांगितलं, डॉक्टरचं नाव धमकीला घ्यायचं नाही. त्यांनी मनावर घेतलं, एवढंच नव्हे तर बाहुलीनंतर आ करून स्वतः बसल्या.

खऱ्या कामाला सकाळची वेळ घेतली, पोर तेव्हा ताजीतवानी असते. हिरडीवर आधी बधिर करायचं जेल लावलं. मॅडम म्हणाल्या, 'आता दाताला झोपवायचं औषध देणार. चिमटा काढल्यासारखं वाटेल, दहापर्यंत मोज.' तिनं डोळे मिटून मनात आकडे म्हटले. सातला पापणीतून पाणी आलं, पण हात वर गेला नाही. मी पायाशी बसून तिचा तळवा चोळत होते. मला मध्ये काही बोलायचं नाही, असं ठरलं होतं, आणि तेच सर्वांत अवघड गेलं.

तीन फेऱ्यांत दाढेची नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवली. सुन्नपणा जाईपर्यंत तिच्या ओठावर लक्ष ठेवावं लागलं, कारण मुलं बधिर ओठ चावून जखम करून घेतात. मी तिला गोष्टी सांगत बसवून ठेवलं. खायला सुन्नपणा उतरल्यावरच, तेही मऊ खिमट.

काकवी-पोळी बंद केलेली नाही. जेवणाबरोबर खायची, रात्री झोपण्यापूर्वी ब्रश मी स्वतः करून देते.

परवा शाळेच्या घाईत वेणी घालताना गुंता ओढला गेला. लेक काही बोलली नाही. आरशात बघत तिनं डावा हात वर केला. मी कंगवा खाली ठेवला.