नामाझाके घरी सांभाळून आणली, माझा अनुभव

टोकियोत निशी-कासाईला राहतो, साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, नवीन नाही मला, पण नामाझाके म्हणजे अजिबात न तापवलेली साके, तिच्या बाबतीत गेल्या वर्षी मोठी चूक झाली. बाटली आणून ओट्यावर ठेवली, दोन आठवड्यांनी उघडली तर गढूळ आणि उग्र वास, सगळी ओतून द्यावी लागली, फार वाईट वाटलं.

म्हणून या फेब्रुवारीत निइगाताला एका छोट्या साकागुरामध्ये, म्हणजे जिथे साके बनते तिथेच गेलो. बुकिंग करतानाच सांगितलं होतं, सकाळी नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, खाऊन येऊ नका, त्यातले जिवाणू कोजीत, म्हणजे साकेसाठी तांदळावर वाढवतात त्या बुरशीत, गेले तर सगळं बिघडतं. दारावर सुगिदामा, देवदारासारख्या फांद्यांचा मोठा गोळा, हिरवागार, म्हणजे नवी साके गाळून झाली. आतले काका म्हणाले नेहमीची साके ६०-६५ डिग्रीला दोनदा तापवतात, एकदा साठवायच्या आधी, एकदा बाटलीत भरताना. हिला एकदाही नाही, त्यामुळे कोजीचं काम बाटलीतही चालूच राहतं. मला एकदम नीरा आठवली, पहाटेची नीरा ऊन चढलं की कशी बदलते तसंच!

तांदूळ पण तिथलाच, गोहयाकुमानगोकू, म्हणजे पन्नास लाख कोकू, कोकू हे तांदळाचं जुनं जपानी माप, निइगाताचं भाताचं पीक तेवढ्याच्या वर गेलं म्हणून १९५७ साली हे नाव दिलं. पाणी डोंगरातल्या बर्फाचं, मऊ.

एक सांगतो, लेबलवर नुसतं नामा, म्हणजे कच्ची, एवढंच बघून घेऊ नका, नामाचोझो भरताना एकदा तापवलेली असते आणि नामाझुमे साठवायच्या आधी एकदा. खरी नामाझाके दोन्ही वेळा कच्चीच, आणि लेबलवर फ्रीजमध्ये ठेवा असं लिहिलेलं असतं.

परतताना शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, हीटर जोरात, पायाशी तर गरमच, मग थर्मल बॅगेत बर्फाचे पॅक घालून ७२० मिलीची बाटली मांडीवरच धरून बसलो. घरी आल्यावर फ्रीजच्या दारात नाही तर मागच्या कप्प्यात, उभी ठेवली.

त्याच रात्री बायकोने मिठात बांगडा भाजला आणि बाटली उघडली. झाकण हळू फिरवलं तर बारीकसा फुस्स आवाज, मग खरबुजासारखा वास, जिभेवर किंचित चुरचुर आणि मागून तांदळाची गोडी. तिसऱ्या दिवशी चुरचुर गेली, गोडी मात्र वाढली, बायकोला तीच जास्त आवडली.