तुम्ही विचारलेत म्हणून : आजारपणात काही बरे असते का?

नाक आणि घसा ही माझी लहानपणापासूनची दुबळी ठिकाणे आहेत आणि कोणतीही साथ माझ्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. तरीही आजारपणाबद्दल माझ्या तोंडून फारशी कडवट तक्रार ऐकू येत नाही, हे ओळखीच्या माणसांना नवलाचे वाटते. म्हणून ती मला वारंवार विचारतात, की तुम्हाला या दुखण्यांचा वैताग येत नाही का, की त्यात तुम्हाला काही चांगलेही सापडते? वैताग पुष्कळ येतो आणि काही चांगलेही सापडते. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, असे माझे मत होत गेले आहे. आजारपणात शरीर आपल्या हातातला कारभार काढून घेते. छळ होतो तो त्यामुळे, आणि जे काही पदरात पडते तेही त्यामुळेच. मी इथे सर्दी, ताप, घसा अशा काही दिवसांत बऱ्या होणाऱ्या दुखण्यांबद्दलच बोलते आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या किंवा जिवावर बेतणाऱ्या आजारांविषयी असे बोलण्याचा मला अधिकार नाही.

आधी वैताग. त्यात रात्रीच्या चोंदलेल्या नाकाला मी पहिला मान देईन. नाक कितीही शिंकरले तरी मोकळे होत नाही, कारण ते मुख्यतः शेंबडाने बंद झालेलेच नसते. नाकपुड्यांच्या आतल्या मऊ आवरणात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, सर्दीत ते फुगते आणि वाट अडवते. निरोगी माणसातही बहुधा दर काही तासांनी एक नाकपुडी थोडी मिटते आणि दुसरी उघडते, फक्त एरवी ते आपल्या लक्षात येत नाही. आडवे झाल्यावर ही सूज वाढते आणि कुशीवर झोपल्यास खालची नाकपुडी बंद होते. म्हणून कूस बदलायची, दोन-चार मिनिटे वरच्या बाजूने श्वास मोकळा झाल्याचे सुख भोगायचे, तोवर खालची बाजू बंद होते, आणि पुन्हा कूस बदलायची, असे रात्रभर चालते. तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो, घसा कोरडा पडला की खोकला येतो, आणि खोकल्याने जेमतेम लागलेला डोळा उघडतो. डोक्याखाली आणखी एक उशी घेण्याने थोडा फरक पडतो, पण थोडाच.

दुसरा वैताग तापाच्या वेळापत्रकाचा. शरीराचे तापमान निरोगी असतानाही पहाटे सर्वांत कमी आणि उतरत्या दुपारपासून संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त असते, आणि ताप बहुधा याच चढउतारावर स्वार होतो. सकाळी अंग हलके वाटते, माणूस उठून बसतो, दोन-चार फोन करतो, उद्यापासून कामाला येतो असे कळवून टाकतो, आणि संध्याकाळी पुन्हा कणकण भरून अंग मोडून येते. सकाळच्या त्या बरे वाटण्यावर विश्वास ठेवू नये, असे मी प्रत्येकाला सांगते. दिलेला शब्द संध्याकाळी मागे घ्यावा लागणे हे तापाइतकेच क्लेशकारक असते.

आजारपणातला वेळ म्हणजे फुकट मिळालेली सुट्टी, अशी एक समजूत आहे. पडल्या पडल्या वाचन होईल, राहिलेली पत्रे लिहून होतील, असे निरोगी माणसाला प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात तापलेल्या डोळ्यांनी एक परिच्छेद वाचून संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. वेळ असतो, पण तो वापरणारे मन जागेवर नसते. या समजुतीला काही खऱ्या गोष्टींचाही आधार मिळतो. हेन्री मातीस हा फ्रेंच चित्रकार तरुणपणी वकिलाच्या कचेरीत काम करत होता. 1890 च्या सुमारास आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) दुखण्याने तो अंथरुणाला खिळला, वेळ जावा म्हणून आईने त्याला रंगांची पेटी आणून दिली, आणि पुढे त्याने वकिली सोडून दिली. ही हकिकत मला फार आवडते, पण ती सांगताना एक गोष्ट नेहमी निसटते. त्याने रंग हाती घेतले ते दुखणे उताराला लागल्यानंतर. दुखणे आणि दुखण्यातून उठणे हे दोन वेगळे काळ आहेत आणि आजारपणाच्या नावावर जमा केलेले बरेचसे श्रेय खरे तर दुसऱ्या काळाचे असते.

मग पहिल्या काळात, ऐन तापात, काहीच चांगले नसते का? मला तिथेच सर्वांत महत्त्वाची गोष्ट सापडली, आणि ती समजून घ्यायला थोड्या शरीरशास्त्राची मदत झाली. आपल्याला जे हाल जाणवतात त्यांतले बरेचसे रोगजंतू थेट करत नाहीत, आपले शरीरच ते घडवून आणते. संसर्गाची चाहूल लागल्यावर रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-1 सारखी रसायने सोडतात. त्यांचा निरोप रक्तावाटे आणि व्हेगस या मज्जातंतूमार्फत मेंदूपर्यंत जातो. तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे रसायन तयार होते आणि हायपोथॅलॅमस हा तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग शरीराच्या तापमानाची ठरलेली पातळी वर सरकवतो. त्या नव्या पातळीच्या हिशेबाने शरीर अजून थंड असते, म्हणून हाताला अंग कढत लागत असतानाही आत हुडहुडी भरते आणि पांघरुणावर पांघरूण घ्यावेसे वाटते. पॅरासिटामॉलने ती पातळी पुन्हा खाली आली की घाम फुटतो आणि ताप उतरतो.

हा सगळा खटाटोप शरीर उगाच करत नाही. तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढवायला शरीराला साधारण 10 टक्के जादा ऊर्जा खर्चावी लागते, आणि एवढा खर्च उत्क्रांतीच्या ओघात टिकून राहिला तो काही लाभ असल्याशिवाय नव्हे. शरीरक्रियेचे अभ्यासक मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये वाळवंटी इग्वाना सरड्यांवर केलेला प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे. सरड्यांना आतून ताप आणता येत नाही, ते उबदार जागी जाऊन शरीर तापवतात. जंतुसंसर्ग झालेल्या सरड्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवले, तेव्हा अधिक तापमानातले सरडे कमी तापमानातल्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात जगले. याचा अर्थ माणसाने ताप अंगावर काढावा असा मुळीच नाही. फार चढलेला किंवा न उतरणारा ताप, धाप लागणे, ग्लानी येणे यांसाठी डॉक्टरच हवेत. मला मात्र या माहितीने एक मोठा दिलासा दिला, की अंगात चाललेली ही पडझड नसून काम आहे.

त्याहूनही उपयोगी पडली ती पुढची गोष्ट. पशुवैद्यक आणि प्राणिवर्तनाचे अभ्यासक बेंजामिन हार्ट यांनी 1988 मध्ये असे मांडले, की आजारी प्राण्याचे मलूल होणे, खाण्यावरची वासना उडणे, कळपापासून दूर जाऊन पडून राहणे हे नुसते अशक्तपणाचे परिणाम नसून संसर्गाशी लढण्यासाठी शक्ती राखून ठेवणारे वर्तन आहे. माणसात याला मनाची बाजूही असते. तीच रसायने उत्साह काढून घेतात, माणसे नकोशी करतात आणि विचारांना काळा रंग देतात. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला हमखास असे वाटू लागते, की माझे काम कवडीमोलाचे आहे, माझी कोणाला गरज नाही आणि पुढे सगळे असेच राहणार आहे. हे विचार अतिशय खरे वाटतात, त्यांच्या बाजूने पुरावेही भराभर आठवतात. पण ताप उतरतो आणि एकही परिस्थिती बदललेली नसताना ते विचार विरून जातात. एखादी खात्री कितीही पक्की वाटली तरी ती शरीराच्या अवस्थेतून आलेली असू शकते, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कशानेही दाखवले नसते. अंगात ताप असताना कोणताही निर्णय घ्यायचा नाही, कोणाला दुखावणारे पत्र लिहायचे नाही आणि स्वतःच्या आयुष्याचा ताळेबंद मांडायचा नाही, हा नियम मी तिथून शिकले. आता निरोगी दिवसांतही मन अकारण काळवंडले, तर मी आधी झोप किती झाली, थकवा किती आहे ते पाहते आणि मगच त्या विचारांशी वाद घालते. आजारपणाने मला दिलेल्या गोष्टींत हीच मला सर्वांत मोलाची वाटते.

दुसरा लाभ माणसांमध्ये राहून मिळणारा आहे. एरवी एखाद्या कामाला नकार द्यायचा तर कारणे जुळवावी लागतात. आजारी माणसाचा नकार मात्र जसाच्या तसा स्वीकारला जातो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी 1951 मध्ये आजारपणाकडे एक सामाजिक भूमिका म्हणून पाहिले. त्यांच्या मते समाज आजारी माणसाला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून मोकळीक देतो, आजाराचा दोष त्याच्यावर ठेवत नाही, पण त्याबदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरावी आणि त्यासाठी योग्य मदत घ्यावी अशी अपेक्षा ठेवतो. ही मोकळीक मी उपभोगते आणि ती सर्वांना मिळत नाही याची मला फार चुटपुट लागते. ज्याची मजुरी हजेरीवर अवलंबून आहे त्याला तापातही उभे राहावे लागते. अर्धशिशीने किंवा नैराश्याने त्रासलेल्या माणसाचे दुखणे थर्मामीटरवर दिसत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वासच ठेवला जात नाही. लहान मुलांच्या आईला तर आजारी पडण्याचीही सोय नसते. जर्मनीत कामगारांच्या आजारपणातील विम्याचा कायदा 1883 मध्ये झाला. त्याला इतका काळ लोटला तरी पगारी आजारपण ही जगातल्या असंख्य माणसांसाठी अजून स्वप्नातली गोष्ट आहे. आजारपणात काही चांगले सापडायचे असेल, तर आधी निर्धास्तपणे पडून राहता आले पाहिजे.

अंथरुणात पडल्यावर मदत कशी करावी हेही कळते. विचारपूस करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण आजारी माणसाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. कसे वाटते आहे, ताप किती आहे, काय हवे आहे, या प्रश्नांना तोंड देताना उरलेले त्राणही जाते. त्यातून प्रत्येकाचा वेगळा उपाय असतो आणि तो केला की नाही याची चौकशी दुसऱ्या दिवशी होते. मला बरे वाटले ते अशा माणसांमुळे, ज्यांनी काही न विचारता पाण्याचा तांब्या भरून उशाशी ठेवला, दिवा मंद केला, चादर बदलली आणि हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर जाऊन आपले काम करत बसले. म्हणून आता कोणी आजारी असले, की मी ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणत नाही. एखादे ठरावीक काम उचलते आणि ते करते आहे असे कळवते. सेवा करून घेण्याचा संकोचही हळूहळू कमी झाला. दुसऱ्याने आपले केस विंचरून द्यावेत आणि आपण नुसते बसून राहावे, यात कमीपणा नसतो.

राहिला दुखण्यातून उठण्याचा काळ. वास परत येतो तेव्हा चवही परत येते, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. त्या दोन दिवसांचा आनंद खराच असतो, आणि तो टिकत नाही याचेही मला वाईट वाटत नाही. पण याच काळात सर्वांत जास्त अन्याय होतो, कारण ताप गेला की सहानुभूती संपते आणि खोकला मात्र राहतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आधीच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा साधा खोकला सरासरी जवळजवळ 18 दिवस टिकतो असे दिसले. लोकांची अपेक्षा मात्र आठवडाभराच्या आसपासची होती. या अंतरामुळे माणसे घाबरतात आणि विषाणूंवर ज्याचा काही परिणाम होत नाही अशा प्रतिजैविकांचा आग्रह धरतात, किंवा आपण अजून का सावरलो नाही म्हणून स्वतःला दोष देत पूर्ण वेगाने कामाला लागतात. खोकल्यातून रक्त पडले, धाप लागली, ताप उलटला किंवा तीन आठवड्यांनंतरही खोकला हटेना, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. तसे काही नसेल, तर मी त्या दिवसांत कामाचा वेग निम्म्यावर ठेवते, तसे बरोबरच्या माणसांना आधीच सांगून ठेवते, आणि त्यांच्यापैकी कोणी आजारातून उठून आले तर त्यांच्याकडूनही पहिले दोन आठवडे निम्म्याहून अधिक कामाची अपेक्षा ठेवत नाही.