उणे ३० अंशांवर

कॉलेजात शिकणारी मुलगी. बसल्या जागी छाती धडधडू लागायची, नाडी २०० च्या पुढे जायची आणि सुरू झाली तशीच एकदम थांबायची. परीक्षेचा ताण आहे, असं तिला बरेच दिवस ऐकवलं गेलं होतं. याचा मला खरंच राग येतो, कारण ईसीजीत सगळं दिसत होतं: आखूड पीआर (संदेश वरून खाली पोचायला लागणारा वेळ) आणि क्यूआरएसच्या (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या उंच लाटेच्या) पायथ्याशी तिरका चढ, म्हणजे डेल्टा वेव्ह. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाताना विद्युत संदेश एव्ही नोडमध्ये, म्हणजे मधल्या गाठीत, सेकंदाचा साधारण दहावा भाग थबकतो. तेवढ्यात खालचे कप्पे नीट भरतात. माझं संशोधन याच थबकण्यावर आहे. हिच्या हृदयात जन्मतःच एक जादा स्नायुतंतू होता आणि त्यातून संदेश न थबकता खाली जाई. नोड आणि तंतू मिळून वर्तुळ पूर्ण झालं की धडधड सुरू.

मांडीच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात नेला. तंतूची जागा सापडली, पण कॅथेटरच्या त्याच टोकावर, नोडमधून संदेश खाली नेणाऱ्या हिस बंडलचा बारीक, टोकदार सिग्नलही उमटत होता. इथे उष्णतेने जाळायला गेलो आणि हिसला धक्का लागला, तर या वयात कायमचा पेसमेकर. मी क्रायो, म्हणजे गोठवणारा कॅथेटर, मागवला. त्यानंतर आजार उलटण्याची शक्यता थोडी जास्त असते, तरी अशा जागी मी तोच निवडतो. उणे ३० अंशांपर्यंत गारवा दिला तर ऊती नुसती बधिर होते; चुकीची जागा निघाली तर गरम होताच पूर्ववत.

गारवा सुरू झाला. टोकावर बर्फ जमला, तिथला सिग्नल खरखराटात बुडाला. नजर पडद्यावरच्या ईसीजीवर. काही ठोके तसेच गेले आणि एका ठोक्याला तो चढ नाहीसा झाला. क्यूआरएस अरुंद, पीआर पुरेसा लांब. नोड शाबूत होता. मग उणे ७० च्या खाली नेऊन चार मिनिटं गोठवलं.

अर्ध्या तासाने नोड क्षणभर बंद पाडणारं औषध, ॲडिनोसिन, दिलं. "क्षणभर छातीत जड वाटेल हं, घाबरू नकोस," म्हटलं. पडद्यावर नुसत्या पी वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या लाटा, आल्या, खाली काहीच उतरलं नाही. मग नोड जागा झाला. जादा वाट बंद होती.

पुन्हा धडधडलं तर त्याच वेळी ईसीजी काढून घे, असं तिला बजावलं आहे.