अशिलांचे नंबर कोठे राहतात

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली सुरू केली, तेव्हा माझ्या ज्येष्ठ वकिलांच्या टेबलावर कापडी बांधणीची एक लांबट वही असे. तिच्या कडेला मुळाक्षरे पायरीपायरीने कापलेली होती. आत अशिलाचे नाव, गाव आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याचा किंवा गावातल्या किराणा दुकानाचा टेलिफोन क्रमांक असे आणि त्यापुढे 'फक्त निरोप द्यावा, कारण सांगू नये' अशी सूचना असे. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ती वही कपाटात जाई आणि किल्ली त्यांच्या खिशात. त्या वहीच्या गोपनीयतेबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. कारकुनाला मात्र एकदा फार कठोर बोलले, कारण समोरच्या पक्षाचा माणूस खोलीत बसलेला असताना वही उघडी राहिली होती.

पुढे माझ्या हाती अँड्रॉइड फोन आला. दुकानदाराने तिथल्या तिथे गूगलचे खाते उघडून दिले, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि त्या दिवसापासून मी जो नंबर 'सेव्ह' केला तो माझ्या फोनात आहे, एवढीच माझी समजूत राहिली. तो नंबर फोनात कमी आणि खात्यात जास्त आहे, आणि खाते जिथे जिथे उघडे असेल तिथे तिथे तो आपोआप पोहोचतो, हे मला पुढची कित्येक वर्षे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

२०२०मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा मी माझा जुना फोन भाच्याला दिला. फोटो काढून घेतले, संदेश पुसले, सिम काढले. खाते तसेच राहिले, कारण त्याला ॲप उतरवायला काहीतरी खाते हवेच होते. वर्षभराने वहिनींनी जेवताना अगदी सहज विचारले, "अगं, 'माहेरी, पोटगी, नवा नंबर' असं लिहिलंयस ती आमच्या मामांच्या गावची सून का गं? नाव ओळखीचं वाटलं." प्रश्नात कुतूहलापलीकडे काही नव्हते. वहिनींच्या मनात वाईट असणे शक्यच नाही. पण सासर सोडून आलेली, नवऱ्याला कळू नये म्हणून नवे सिम घेतलेली ती स्त्री, आणि तिचा नवा नंबर माझ्या भावाच्या घरात, तिच्या सासरच्या गावाशी नाते असलेल्या माणसांच्या हातात पडलेल्या एका फोनवर, तिच्या खटल्याच्या स्वरूपासह लिहिलेला होता. तो मीच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून सगळे सांगितले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "ताई, मग हा नंबरही बदलू का?" तिने बदलला. दोन वर्षांतले ते तिचे तिसरे सिम होते.

या घटनेनंतर मी माझ्या फोनमधली नावे पहिल्यांदा नीट वाचली. आपण माणसाचे नुसते नाव कधीच लिहीत नाही. गावाचे नाव लिहितो, कामाचे लिहितो, कोणी पाठवले ते लिहितो. माझ्या यादीत नावांपुढे 'जामीन', 'दत्तक', 'दुसरी बायको', 'भावाला सांगू नये' असे शब्द होते. प्रत्येक नोंद म्हणजे एक छोटे टिपण होते आणि अशी सहाशेच्या वर टिपणे मी ज्या यंत्रावर ठेवली होती त्याची मला नीट माहिती नव्हती. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करू नये, हे बंधन १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६मध्ये होते आणि १ जुलै २०२४पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२मध्ये आहे. वकिलाचे कारकून, कर्मचारी आणि दुभाषे यांनाही तो नियम लागू आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी कारकुनाचा विचार केला, कारण वही त्याच्या हाताखालून जात असे. आज ती वही ज्याच्या हाताखालून जाते तो कारकून मी नेमलेला नाही आणि त्याने आणखी कोणाकोणाला ती दाखवावी हे मी ठरवत नाही.

वकिलांपुरतीच ही गोष्ट आहे असे मात्र मला वाटत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा, व्यक्तीने केवळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. म्हणजे कोणाही गृहस्थाने आपल्या फोनमधली शेजाऱ्यांची, नातेवाइकांची, डॉक्टरांची यादी कशी सांभाळावी हे कायदा सांगत नाही आणि सांगू नयेच. पण यादीतला प्रत्येक नंबर दुसऱ्या कोणीतरी आपल्यापाशी ठेवायला दिलेला असतो. आपण त्या नंबरचे मालक नसतो, आपल्याकडे ती ठेव असते. माझा स्वतःचा नंबर मी वाटेल तिथे लिहावा, पण दुसऱ्याचा नंबर तिसऱ्याच्या गोदामात ठेवताना त्या दुसऱ्याला विचारायची पद्धतच आपल्याकडे पडली नाही.

त्याचे परिणाम मी वकिलांच्या बार रूममध्ये ऐकले आणि नंतर स्वतःच्या कानांनीही ऐकले. कर्ज देणारी ॲप्स कर्जदाराची संपूर्ण संपर्कयादी उचलून घेत आणि हप्ता चुकला की त्या यादीतल्या माणसांना फोन जात. मलाही असा फोन आला होता. कर्ज घेणारा माझा अशील नव्हता, चार वर्षांपूर्वी घराचे रंगकाम करून गेलेला कारागीर होता. त्याच्या फोनमध्ये माझे नाव होते, एवढ्या भांडवलावर एक अनोळखी माणूस मला त्याच्याबद्दल वाटेल ते बोलत होता. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कर्जाच्या ॲपनी फोनमधल्या फाइली, संपर्कयादी आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये असे स्पष्ट केले. गूगलनेही ३१ मे २०२३पासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क वाचायला मनाई केली. नियम चांगले आहेत. पण त्याआधी उचलल्या गेलेल्या याद्या परत आलेल्या नाहीत आणि त्या याद्यांतल्या माणसांपैकी एकालाही कोणी परवानगी विचारली नव्हती.

मी काय केले ते सांगते. माझ्याप्रमाणेच तंत्राचे शिक्षण नसलेल्या कोणाला करायचे असेल तर उपयोग होईल.

प्रथम खात्यातले सगळे संपर्क एका व्हीसीएफ फाइलमध्ये, म्हणजे संपर्क साठवण्याच्या एका ठरावीक प्रकारच्या फाइलमध्ये, उतरवून घेतले. हे आधी केलेच पाहिजे. सिंक, म्हणजे खाते आणि फोन यांची यादी आपोआप सारखी ठेवण्याची सोय, चालू असताना कोणी घाईने खात्यातली नावे पुसली तर तीच पुसापुसी फोनवरही होते. फाइल संगणकावर उघडून पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. इंग्रजीत लिहिलेली नावे जशीच्या तशी होती, पण मराठीत लिहिलेल्या प्रत्येक नावाच्या जागी बरोबरची (=) चिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे यांची लांबच लांब माळ होती. सगळी मराठी नावे नष्ट झाली, असे समजून मी अर्धा दिवस अस्वस्थ होते. नंतर कळले की नावे सुरक्षित आहेत. अशा फाइलीत संपर्क लिहिण्याच्या पद्धतीला व्हीकार्ड म्हणतात; फोनने वापरलेली तिची २.१ ही आवृत्ती १९९६ची आहे, आणि ज्या यंत्रणांमधून केवळ साधी रोमन अक्षरे सुखरूप जात त्या काळातली तिची रचना आहे. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक अक्षर तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन छोटी एकके, घेते आणि त्या फाइलीत प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एक 'म' लिहायला नऊ चिन्हे लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. तीच फाइल फोनमध्ये परत घेतली की 'म'चा 'म' होतो. मी आधी पाच नावांची फाइल करून खात्री केली आणि मगच पुढे गेले. मराठीत नावे लिहिणाऱ्यांनी ही चाचणी करावीच, नाहीतर घाबरून फाइल फेकून देण्याची शक्यता फार आहे.

नंतर फोनच्या सेटिंगमध्ये खात्याचे संपर्क-सिंक बंद केले आणि ती फाइल 'डिव्हाइस' या जागेत आयात केली. नवे संपर्क साठवण्याची नेहमीची जागाही तीच ठरवली. इथे एक फसवी गोष्ट आहे. गूगलच्या सेटिंगमध्ये फोनमधले आणि सिममधले संपर्कही खात्यात उचलून ठेवण्याचा वेगळा पर्याय असतो. तो चालू राहिला तर 'डिव्हाइस'वर ठेवलेले नावही वर जाते. तो बंद केला आणि संपूर्ण फोनचा जो बॅकअप आपोआप होतो तोही बंद केला. मग संगणकावर खाते उघडून तिथली यादी पुसली. पुसलेली नावे ३० दिवस तिथल्या कचरापेटीत राहतात, म्हणून ती पेटीही रिकामी केली. भाच्याच्या फोनमधून माझे खाते काढून टाकण्याचे काम अर्थातच या सगळ्याच्या आधी, वहिनींच्या प्रश्नाच्याच रात्री झाले होते.

मधल्या काळात सगळे सिमवर ठेवावे असाही विचार आला. पण सिममध्ये साधारण २५० नावे मावतात, नावाला जागा अगदी थोडी असते आणि देवनागरीत लिहिले तर ती निम्मी होते. 'जगन्नाथ'पर्यंत पोहोचेतो जागा संपते.

अशिलांची नावे मात्र मी 'डिव्हाइस'वरही ठेवली नाहीत. कारण फोनमध्ये असलेली यादी संपर्कांची परवानगी मिळालेल्या प्रत्येक ॲपला दिसते आणि माझ्या फोनवर ती परवानगी एक तर सगळ्या नावांची असते, नाहीतर एकाही नावाची नसते. म्हणून फॉसिफाय कॉन्टॅक्ट्स हे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची आतली रचना कोणालाही तपासता येते असे, ॲप घेतले. त्यात इतर ॲपना न दिसणारी स्वतंत्र साठवण आहे आणि ते ॲप इंटरनेटची परवानगीच मागत नाही. नावापुढची टिपणेही काढून टाकली. आता तिथे नाव आणि खटल्याचा क्रमांक एवढेच आहे.

यात गैरसोय आहे. अशिलाचा फोन आला की माझ्या नेहमीच्या डायलरवर नुसता आकडा दिसतो. व्हॉट्सॲपवरही नाव येत नाही. सुरुवातीला दोघा-तिघांना "कोण बोलतंय?" असे विचारावे लागले आणि त्यांना वाईट वाटले. मी प्रत्येकाला कारण सांगितले. एक आजोबा फोनवरच म्हणाले, "बरं केलंत वकीलबाई, आमच्या पोराला मी तुमच्याकडं येतो ते ठाऊक नाही."

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. जे आपल्याजवळच आहे ते आपल्याजवळूनच हरवते. एसटीत फोन चोरीला गेला आणि दुसरी प्रत नसेल तर सगळे गेले. परंतु दूरच्या सर्व्हरवर ठेवले म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही. ऑक्टोबर २००९मध्ये अमेरिकेत साइडकिक या फोनच्या ग्राहकांचे संपर्क आणि दिनदर्शिका सर्व्हरच्या बिघाडात नाहीशा झाल्या. ज्यांच्या फोनमध्ये अजून नावे शिल्लक होती त्यांना फोन बंद करू नका, बॅटरी काढू नका, असे सांगण्याची वेळ कंपनीवर आली. पुढे बरीचशी माहिती परत मिळवता आली, पण प्रत स्वतःकडे हवी हे तेव्हाही खरे होते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी व्हीसीएफ फाइल काढते, सेव्हन-झिप या संगणकावरच्या प्रोग्रॅमने पासवर्ड घालून ती कुलूपबंद करते आणि दोन पेनड्राइव्हवर ठेवते. त्यातला एक ऑफिसच्या कपाटात असतो, दुसरा घरी. फोनच्या डाउनलोड फोल्डरमधली उघडी फाइल लगेच पुसते. ती स्वतःला ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने पाठवायची नाही, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी केला?

काम अजून पुरे झालेले नाही. गेल्या महिन्यात आमच्या कारकुनाचा फोन घेऊन बसले तर त्यात माझ्या दीडशेहून अधिक अशिलांचे नंबर निघाले आणि त्यातले बहुतेक मीच वेळोवेळी त्याला पाठवलेले होते. तिथेही खाते दुकानदारानेच उघडलेले आणि तेच खाते त्याच्या मुलीच्या फोनवर. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून ते वेगळे केले. ज्युनिअरकडे आयफोन आहे. ॲपलने डिसेंबर २०२२मध्ये आणलेले प्रगत डेटा संरक्षण चालू केले की सगळे झाले, असे तिला वाटत होते. पण त्या पूर्ण एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे ॲपललाही उघडता येणार नाही अशा कुलपात, आयक्लाउड या ॲपलच्या ऑनलाइन साठवणीतले मेल, संपर्क आणि कॅलेंडर येत नाहीत. तिच्या फोनवर आयक्लाउडचे संपर्क बंद करताना ते फोनवर ठेवायचे की पुसायचे असा प्रश्न येईल. त्याआधी फाइल उतरवून घ्यायची आहे. येत्या रविवारी ती सकाळी माझ्याकडे येणार आहे, आणि येताना पेनड्राइव्ह आणायला मी तिला सांगितले आहे.