केपटाउनची वही

इथे सिग्नलला ‘रोबोट’ म्हणतात, हे केपटाउनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. पण माझ्या शब्दांच्या वहीचं पहिलं पान त्या शब्दाचं नाही. ते ‘नेल्सन’ या नावाचं आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. बरीच वर्षं एका पतसंस्थेत हिशेब सांभाळले, तिथे लागेल तेवढं इंग्रजी येत होतं. इथे रोज बोलायची वेळ आली, म्हणून वाचनालयात दर बुधवारी भरणाऱ्या वर्गाला जायला लागले. कांगोहून आलेले दोघं भाऊ, मोझांबिकची एक मुलगी, एक चिनी आजोबा आणि मी. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, या देशात इंग्रजी शिकायचं तर मदिबांचं बोट धरून शिका. मदिबा हे मंडेलांच्या कुळाचं नाव, इथली माणसं आदराने तेच घेतात. घरी ठेवलेलं नाव रोलिहलाहला. ‘नेल्सन’ हे कुनू गावच्या शाळेत पहिल्या दिवशी शिक्षिकेने ठेवलेलं, कारण आफ्रिकन मुलांना इंग्रजी नाव द्यायची तेव्हा रीतच होती. एका मुलाला शाळेने पहिल्याच दिवशी काय दिलं, तर परकं नाव. आमच्या बाईंनी मात्र आम्हा प्रत्येकाला आधी स्वतःचं नाव आपापल्या लिपीत फळ्यावर लिहायला लावलं.

पुढचा शब्द ‘डॉक’. मला तो गोदीच्या अर्थाने माहीत होता. कोर्टातल्या आरोपीच्या पिंजऱ्यालाही ‘डॉक’च म्हणतात, हे मंडेला आणि त्यांच्या साथीदारांवर चाललेल्या रिव्होनिया खटल्यामुळे समजलं. २० एप्रिल १९६४ रोजी मंडेला त्या पिंजऱ्यात उभे राहून जवळजवळ तीन तास बोलले. शपथेवर साक्ष दिली असती तर उलटतपासणी झाली असती. त्यांनी पिंजऱ्यातून निवेदन करणं पसंत केलं. कायद्याच्या दृष्टीने अशा निवेदनाचं वजन कमी, पण आपलं म्हणणं सलग मांडता येतं. आरोप घातपाताचा होता आणि फाशी होऊ शकत होती. निवेदनाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की, हे असं ध्येय आहे ज्यासाठी मी मरायलाही तयार आहे. वकील जॉर्ज बिझोस यांनी मसुदा वाचून त्यात तीन छोटे शब्द घालायला सुचवले, ‘इफ नीड्स बी’. वेळ आलीच तर. नाहीतर हा माणूस स्वतःहून मरण मागतोय असं दिसलं असतं. त्या बुधवारी आम्ही तासभर हे एकच वाक्य घेऊन बसलो होतो, एकदा ते तीन शब्द घालून आणि एकदा काढून. भाषा शिकणं म्हणजे काय असतं, ते मला त्या तासाला समजलं. १२ जून १९६४ रोजी शिक्षा सुनावली गेली ती जन्मठेपेची.

मग आम्ही सगळे मिळून रॉबेन बेटावर गेलो. वॉटरफ्रंटवरून फेरीबोट सुटते. तुरुंग दाखवतात ते एकेकाळी तिथेच कैदेत असलेले लोक. मंडेलांची कोठडी मी पाहिली, ४६६/६४ हा नंबरही पाहिला, म्हणजे १९६४ साली आलेला ४६६ वा कैदी. पण माझे पाय थबकले ते शिधा लिहिलेल्या एका तक्त्यापुढे. दोन रकाने. एकाच्या डोक्यावर ‘कलर्ड्स, एशियाटिक्स’, दुसऱ्याच्या ‘बांटूज’. एशियाटिक्स म्हणजे आपण, कलर्ड्स म्हणजे मिश्र वंशाचे, बांटूज म्हणजे काळे आफ्रिकन. मांस आपल्याला जास्त, त्यांना कमी. जॅम आपल्याला एक औंस, त्यांना नाही. रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबरच जन्मठेप झालेले अहमद कथराडा भारतीय वंशाचे. त्यांना लांब पँट मिळाली, मंडेलांना आखूड. एकाच खटल्यातले, एकाच शिक्षेचे दोन सोबती, आणि सरकारने त्यांच्यात जॅम नि कापडाची रेघ ओढलेली. ‘अपार्थाइड’ हा शब्द मला शाळेपासून ठाऊक होता, वर्णद्वेष म्हणून पाठ केलेला. पण द्वेष म्हटलं की राग डोळ्यांपुढे येतो. या तक्त्यात राग कुठेच नव्हता. कुणीतरी शांतपणे औंसांचा हिशेब केला होता. मी आयुष्यभर रकाने आखलेत, त्यामुळे ते फार लागलं.

‘अ‍ॅम्नेस्टी’ला मी वहीत ‘माफी’ लिहिलं होतं. बाईंनी अर्थ समजावून घेतला आणि तो खोडायला लावला. १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. ज्यांनी राजकीय हेतूने छळ केले, खून केले, त्यांना या आयोगाकडे अ‍ॅम्नेस्टीसाठी अर्ज करता येत होता, म्हणजे खटल्यातून आणि शिक्षेतून सुटका मागता येत होती. अट एकच मोठी, जे केलं ते सगळं उघड सांगायचं. पश्चात्ताप झालाच पाहिजे, माफी मागितलीच पाहिजे, असं कायद्यात नव्हतं. आपल्याकडे माफी मागावी लागते आणि ज्याला दुखावलं त्याने ती द्यावी लागते. इथे देणारं सरकार आणि किंमत सत्याची. ७,११२ अर्जांपैकी ८४९ मंजूर झाले. गंमत शब्दाच्या मुळाची आहे. अ‍ॅम्नेस्टी आणि स्मृतिभ्रंशाचा अ‍ॅम्नेशिया हे एकाच ग्रीक घरातले, दोन्हींत विसरणं आहे. या देशाने मात्र आधी आठव, मगच सुटका असं सांगितलं. कित्येक आयांना आपल्या मुलाचं काय झालं हे त्या सुनावण्यांत पहिल्यांदा कळलं.

‘रिकन्सिलिएशन’, म्हणजे आयोगाच्या नावातला सलोखा, हा एकच शब्द मला वर्गात सगळ्यांच्या आधी येत होता. पतसंस्थेत महिनाअखेरीस आम्ही बँक रिकन्सिलिएशन करायचो. आपली कॅशबुक आणि बँकेचं स्टेटमेंट समोरासमोर ठेवायचं, दोन्हीकडच्या नोंदींना टिक करत जायचं, जुळत नाही ती नोंद शोधून काढायची. मराठीत या शब्दाला आमच्या कामात ताळमेळ म्हणायचे, माणसांमध्ये दिलजमाई. दोन्ही शब्द मी फळ्यावर लिहिले. कांगोच्या थोरल्या भावाला दिलजमाई म्हणायला इतकं आवडलं की त्याने ते चार-पाचदा म्हटलं.

बाई फळ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या घरची नोंद अजून जुळायची आहे. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी शहरातला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग सरकारने फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला. पुढच्या काही वर्षांत साठ हजारांच्या आसपास माणसांना तिथून उठवलं, घरं पाडली. त्यांच्या आईचं घर त्यातलंच. आयोगाकडे खून, छळ, अपहरण असे गुन्हे होते, घरं पाडल्याचा हिशेब त्याच्याकडे नव्हताच. बरोबर चोवीस वर्षांनी, ११ फेब्रुवारीलाच, मंडेला सुटले आणि सिटी हॉलच्या सज्जातून बोलले. समोरच्या मैदानातल्या गर्दीत बाई उभ्या होत्या, पाडलेल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या दिवशी मी रडले ते दोन्ही तारखांसाठी, असं म्हणाल्या. एवढं सांगून त्यांनी पुढचा शब्द लिहिला, ‘रेस्टिट्यूशन’. काढून घेतलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९९४ साली केलेल्या कायद्यातला तो शब्द. काही कुटुंबं परतली आहेत, बरीचशी जमीन अजून मोकळी पडून आहे.

मी पुढे ‘भरपाई’ लिहिलं. बाईंनी विचारलं, म्हणजे पैसे? मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, जे नेलं तेच परत, असं सांगितलं. भरपाई नुकसानीची होते, परतफेड कर्जाची. घर परत देण्याला मराठीत काय म्हणायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर बुधवारच्या आत कळवा, बाईंना सांगायचं आहे.